सीओटू देऊनही लाल कोळी परत येतोय? तो किती दिवसांनी परत आला, ते आधी पाहा

तक्रार बहुतेक सगळ्यांची सारखीच असते. रोपांवर पिशवी चढवली, कार्बन डायऑक्साइड (सीओटू) सोडला, रात्रभर बांधून ठेवलं. सकाळी पान उलटून पाहिलं तर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी ही बारीक कीड, निपचित पडलेली. पिशवी काढली. आठवड्याभरात पानांवर पुन्हा पिवळे ठिपके, देठाजवळ पुन्हा बारीक जाळी. दुसऱ्यांदा केलं, तरी तेच. मग कोणी ‘यात काही अर्थ नाही’ म्हणून सोडून देतं, तर कोणी पुढच्या वेळी गॅस दुप्पट सोडतं. दोन्हीची घाई नको. पद्धत खरी आहे. ती कुठे फसली हे शोधायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कोळी कितव्या दिवशी परत दिसला आणि कोणत्या अवस्थेत दिसला, याची नोंद.

एक-दोन दिवसांतच मोठे कोळी चालताना दिसले, तर ते मेलेच नव्हते, बेशुद्ध झाले होते. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान अगदी बारीक, फिकट, सहा पायांची पिल्लं दिसली, तर मोठे मेले पण अंडी वाचली. दोन-तीन आठवडे सगळं स्वच्छ राहिलं आणि मग कडेच्या रोपांवर सुरुवात झाली, तर उपचार बरोबर झाला होता. कीड नव्याने बाहेरून आली. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. गॅस वाढवणं हा फक्त पहिल्या प्रकारात उपयोगी, आणि तिथेही नेहमी नाही.

मी इथे मुख्यतः स्ट्रॉबेरीची रोपं आणि कुंडीतला गुलाब डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, कारण लाल कोळ्याचा जाच या दोघांना सगळ्यात जास्त.

एक-दोन दिवसांत परत आला

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत फळमाशी मोजायची असते तेव्हा तिला कार्बन डायऑक्साइडनेच झोपवतात. माशी काही सेकंदांत आडवी होते, मोजून झाल्यावर गॅस बंद केला की काही मिनिटांत उठून उडते. तुमच्या पिशवीत तेच झालेलं असतं. हा वायू आधी गुंगी आणतो आणि मारायला फार वेळ घेतो. किडीच्या अंगावरची श्वासरंध्रं हा वायू वाढला की उघडी राहतात, अंगातलं पाणी उडून जातं, शरीरातला द्रव आम्ल होत जातो, पेशींना ऊर्जा पुरत नाही. हे सगळं तासाभरात होत नाही. कोळी तर कीटकही नाही, आठ पायांचा जीव आहे, आणि तो बऱ्यापैकी चिवट आहे.

किती लागतो मग? जपानमध्ये स्ट्रॉबेरीची रोपं लावणीआधी या पद्धतीने स्वच्छ करतात, आणि तिथलं प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे: हवेत ६० टक्के कार्बन डायऑक्साइड, ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान, आणि २४ तास. या तिन्ही गोष्टी एकत्र पाळल्या तर कोळ्याची अंडीसुद्धा मरतात. एक जरी सुटली तरी हिशोब चुकतो.

आता आपल्याकडे काय होतं ते बघा. ५० लिटरची पिशवी कुंडीवर चढवली आणि आत वाटीत दोन छोटे चमचे खायचा सोडा व्हिनेगरमध्ये टाकला. दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम सोडा. त्यातून जेमतेम ३ लिटर वायू निघतो. पिशवीत सहा टक्केही होत नाही, आणि तोही तासाभरात गळायला लागतो. सहा टक्क्यांत कोळी सुस्तावतो, इतकंच.

५० लिटरच्या पिशवीत ६० टक्के गाठायचे तर आतली हवा बाहेर ढकलावी लागते. येणारा वायू आणि आतली हवा मिसळत जातात असं धरलं तर सुमारे ४६ लिटर वायू लागतो. म्हणजे १६० ग्रॅम सोडा, आणि ४ टक्क्यांचं व्हिनेगर वापरलं तर जवळजवळ ३ लिटर. इतकं व्हिनेगर ओतण्यापेक्षा किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक अॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, बरं पडतं: तेवढ्याच सोड्याला सव्वाशे-दीडशे ग्रॅम पाण्यात विरघळवून पुरतं. हे मिश्रण बादलीत, पिशवीच्या बाहेर करा. बादलीच्या झाकणातून नळी काढा आणि तिचं दुसरं टोक पिशवीच्या अगदी तळाशी सोडा. हा वायू हवेच्या दीडपट जड असतो, त्यामुळे तो तळापासून भरत वर येतो आणि हवेला वर ढकलतो. पिशवीच्या वरच्या टोकाला बोटभर भोक ठेवा, भरून झालं की ते चिकटपट्टीने बंद करा. सोडा एकदम ओतू नका, चमच्याचमच्याने टाका, आणि नळी कुठे दुमडलेली नाही ना ते पाहा. बंद बाटलीत हे मिश्रण कधीच करू नये, बाटली फुटते.

रोपं जास्त असतील तर सिलिंडरशिवाय भागत नाही. १ किलो कार्बन डायऑक्साइडचा खोलीच्या तापमानाला सुमारे साडेपाचशे लिटर वायू होतो. एक घनमीटरच्या चौकटीवर जाड प्लास्टिक चढवून आत रोपांचे क्रेट ठेवले, तर पावणेदोन किलो गॅस धरून चाला. सिलिंडरला रेग्युलेटर हवाच. गॅस हळू सोडा. जोरात सोडला तर नळीच्या तोंडाशी तो इतका गार होतो की समोरचं पान काही क्षणांत गोठून काचेसारखं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी काळं पडतं. अशी पानं पाहून ‘सीओटूने रोप जळलं’ असा समज होतो; खरं तर ते गारठलेलं असतं. नळीचं तोंड जमिनीकडे किंवा विटेकडे वळवा.

मीटर ‘फुल’ दाखवतो, तरी कमी कसं?

कारण तो मीटर या कामाचा नाहीच. खोलीतली हवा मोजायचे जे मीटर मिळतात ते बहुतेक ५,००० किंवा १०,००० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) मोजतात. १०,००० पीपीएम म्हणजे फक्त १ टक्का. आपल्याला लागतात ६ लाख पीपीएम. मीटरचा काटा वर जाऊन अडकला म्हणजे भरपूर झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात आपण उंबरठ्यावरच असतो.

१०,००० पीपीएमचा आकडा बंदिस्त लागवड करणाऱ्यांमध्ये खूप फिरतो. एक-दोन तास एवढा गॅस ठेवला की सगळी कीड मरते, असं सांगितलं जातं. त्यावर भरवसा ठेवू नका. एवढ्या प्रमाणात चालती-फिरती कीड काही काळ मंदावेल, अंड्यांना काहीच होत नाही.

जास्त प्रमाण मोजायला एक पर्याय आहे: ऑक्सिजन मीटर. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. कार्बन डायऑक्साइडने जेवढी हवा हटवली तेवढा तो कमी होतो. ६० टक्के झाला की ऑक्सिजन ८.४ च्या आसपास यायला हवा, मीटर १२.५ दाखवत असेल तर तुम्ही ४० टक्क्यांवर आहात. काही सेन्सर या वायूत बिघडतात, त्यामुळे घेताना ‘जास्त सीओटूत चालतो का’ एवढं नक्की विचारा. मापन दोनदा करा: भरल्यावर लगेच आणि २४ तासांनी उघडण्याआधी. दुसरं माप पहिल्यापेक्षा खूप वेगळं आलं तर प्रश्न गॅसचा नाही, गळतीचा आहे.

गळती बहुतेक वेळा बांधलेल्या तोंडातूनच होते. सुतळीने कितीही करकचून बांधलं तरी घड्यांमधून वाट राहते. पिशवीचं तोंड पिळून, दुमडून, त्यावर रबर आणि वर चिकटपट्टी असं करा. मोठी चौकट असेल तर प्लास्टिकची कड जमिनीवर पसरून त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवा. कॅरीबॅगसारखं पातळ पॉलिथिन तर नकोच. पॉलिथिनमधून कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज निसटतो. आणि कुंडीला नुकतंच भरपूर पाणी घातलेलं असेल तर ती मातीही थोडा गॅस पिते. आदल्या दिवशी पाणी द्या, त्या दिवशी नको.

उन्हाळ्यात जमलं, डिसेंबरात फसलं

हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गारठ्यात कोळ्याचा श्वास आणि सगळा व्यवहारच मंद असतो. त्याला लागणारी ऊर्जा कमी, म्हणून गुदमरणंही कमी. पुण्या-नाशिकच्या थंडीत रात्री १० अंशांवर पारा गेला असताना बाल्कनीत बांधून ठेवलेली पिशवी म्हणजे कोळ्याला विश्रांती. धान्य साठवणुकीतही हाच अनुभव आहे. २० अंशांच्या खाली गेलं की दिवस वाढवावे लागतात.

उलट चूक म्हणजे उबेसाठी पिशवी उन्हात ठेवणं. बंद पारदर्शक पिशवीत उन्हात तापमान पाहता पाहता ४५ अंशांच्या वर जातं आणि रोप शिजतं. सावलीतली, वारा नसलेली खोली, २८ ते ३० अंश, हे बरोबर. थंडीत खोली उबदार करता येत नसेल तर हा उपचार पुढे ढकला.

चौथ्या ते आठव्या दिवशी पिल्लं दिसली

इथे अंडी वाचलेली आहेत. २७-३० अंशांना कोळ्याची अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात आणि अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा प्रवास आठवडा-दहा दिवसांत पुरा होतो. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. त्यामुळे एका पानावर पाच-दहा अंडी जरी वाचली तरी महिन्याभरात तुम्ही होता तिथेच.

अंडी मेली की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, पण एक सोपी चाचणी आहे आणि ती प्रत्येक उपचारानंतर करावी, असं मी आग्रहाने सांगेन. १० पट दाखवणारं भिंग घ्या. उपचार केलेल्या रोपाचं सगळ्यात वाईट दिसणारं पान तोडा. ताटलीत ओल्या कापसाचा जाड थर करा आणि पान त्यावर पालथं, खालची बाजू वर येईल असं, घट्ट टेकवून ठेवा. पानाच्या कडेने कापूस थोडा वर दाबा. कोळी पाण्याची कड ओलांडून सहसा जात नाही, त्यामुळे जे काही जन्मेल ते पानावरच राहील. भिंगातून शिरेच्या बाजूला पाहिलं की मोत्यासारखी गोल, काचेसारखी अंडी दिसतात. रिकामी टरफलं पांढुरकी आणि चेपलेली असतात. ती मोजू नका. शेजारी उपचार न केलेलं एक पान तसंच ठेवा. कापूस रोज ओला करा. आठवडाभरात उपचार न केलेल्या पानावर सहा पायांची पिल्लं फिरायला लागतील. उपचार केलेल्या पानावरची अंडी तोवर तशीच राहिली, मळकट झाली, सुरकुतली, तर काम फत्ते. तिथेही पिल्लं आली तर वेळ किंवा तापमान कमी पडलंय.

मोठे कोळी मेलेत की झोपलेत, हेही उघडल्या उघडल्या ठरवू नका. २४ तास मोकळ्या हवेत ठेवा, मग बारीक ब्रशच्या केसाने पायाला स्पर्श करा. पाय आखडला तर तो जिवंत आहे.

पहिल्या वेळी अंडी वाचली असतील तर दुसरा उपचार पाचव्या-सहाव्या दिवशी करा: बहुतेक अंडी फुटलेली असतात आणि पिल्लं अजून अंडी घालायच्या वयाची नसतात. तरी माझं मत विचाराल तर दोनदा अर्धवट करण्यापेक्षा एकदा पूर्ण २४ तास करणं रोपालाही सोसतं.

रोपाला सोसतं का, हाही प्रश्न येतोच. बहुतेक टणक रोपांना एक दिवस चालतो. कोवळ्या पानांच्या कडा क्वचित करपतात, आणि वाणावाणात फरक पडतो. म्हणून आधी एकाच रोपावर करून चार-पाच दिवस पाहा. पिशवी काढल्यावर रोप लगेच उन्हात नेऊ नका.

दोन-तीन आठवड्यांनी, कडेच्या रोपांवर

कोळी जाळ्याच्या धाग्यावर वाऱ्याने जातो, हातांवरून, कपड्यांवरून, क्रेटवरून जातो. हा वायू रोपावर काहीच मागे ठेवत नाही. ती त्याची सगळ्यात चांगली गोष्ट आहे, फळावर औषधाचा अंश राहत नाही. पण त्यामुळेच पिशवी काढल्याच्या क्षणापासून संरक्षण शून्य. बांधावरचं तण, शेजारची न तपासलेली कुंडी, न धुतलेला क्रेट हे सगळे रस्ते बंद करावे लागतात. शिवाय पिशवीत मित्रकीटकही मरतात. जपानमध्ये या उपचारानंतर परभक्षी कोळी, म्हणजे लाल कोळ्याला खाणारे कोळी, सोडायची जोड देतात, ती याचसाठी.

कोळी नसून दुसरं काही असेल तर

फुलकिडे कोषावस्थेसाठी मातीत उतरतात, म्हणून फक्त शेंड्यावर पिशवी घातली तर ते आठवड्याने वर येतात, कुंडीसकट झाका. पिठ्या ढेकणाची अंडी कापसासारख्या आवरणात, खोडाच्या बेचक्यात आणि मुळांवर असतात. आधी ब्रशने घासून काढा, आणि मुंग्यांचा रस्ता तोडा, नाहीतर त्या त्याला जपतात आणि पसरू देतात. मावा आणि पांढरी माशी यांच्यासाठी एवढा खटाटोप करू नये, साबणाच्या पाण्याने भागतं.

जिवाचं आधी

बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम असतो. आठ तास काम करताना ५,००० पीपीएमची मर्यादा मानतात, आणि ४०,००० पीपीएम म्हणजे ४ टक्के हे जिवाला तत्काळ धोका देणारं प्रमाण. १० टक्क्यांत माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत तुमची एक घनमीटरची चौकट ६० टक्क्यांवर असताना उघडली, तर सगळ्या खोलीत २ टक्क्यांच्या वर जातं. ३० किलोचा सिलिंडर तिथे गळला तर तिथून कोणी चालत बाहेर येणार नाही.

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची जमिनीखालची पेवं आहेत. तिथेही कीड न लागण्यामागे हेच कारण, आतली कोंडलेली हवा. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, ही तिथली जुनी शिस्त आहे. पण दिवा आत सोडून पाहायची जी रीत असते, तिच्यावर कार्बन डायऑक्साइडच्या कामात विसंबू नका: ज्योत विझायच्या आधीच माणूस भोवंडून पडू शकतो. सिलिंडर आणि चौकट पडवीत किंवा दोन्ही बाजूंनी उघड्या शेडमध्ये ठेवा, पिशवी उघडताना वाकून तोंड आत घालू नका, एकट्याने करू नका, आणि मुलं-मांजरं-कुत्री लांब ठेवा. वायू जड असल्याने खाली साचतो, म्हणून त्यांना धोका आपल्या आधी. तळघरात तर हे करूच नये. सुका बर्फ वापरत असाल तर तो उणे ७८ अंशांचा असतो. जाड हातमोजे घाला आणि बंद डब्यात कधी ठेवू नका.

पॉलिहाऊसमध्ये भरला तर?

हा प्रश्न हमखास येतो, म्हणून हिशोबच देतो. १० बाय १० मीटरचं, सरासरी ३ मीटर उंचीचं छोटं पॉलिहाऊस म्हणजे ३०० घनमीटर. ६० टक्क्यांसाठी सुमारे ५०० किलो गॅस, म्हणजे ३० किलोचे १७ सिलिंडर. तेही पडदे आणि दारं यांतून काहीच गळलं नाही तर, जे अशक्य आहे. गच्चीवरच्या उघड्या बागेचं तर बोलायलाच नको. उभ्या पिकात पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, निंबोळी तेल, मित्रकीटक, गरजेप्रमाणे गंधक, यांनीच काम करावं. गंधक मात्र ३२ अंशांच्या वरच्या उन्हात नको, पानं करपतात.

सीओटूची जागा लावणीच्या आधी आहे. महाबळेश्वर-पाचगणी भागात स्ट्रॉबेरीचे मदर प्लांट (मातृरोपं) बाहेरून येतात, वाई परिसरात त्यांच्या रनरपासून, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या फुटव्यांपासून, रोपं तयार होतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावणी होते. रोपं क्रेटमध्ये एकत्र असतात, शेतात पसरलेली नसतात, फुलं-फळं आलेली नसतात, हवाही अजून फार गार झालेली नसते. एका चौकटीत शेकडो रोपं बसतात आणि पावणेदोन किलो गॅसमध्ये काम होतं. कुंडीवाल्यांसाठी तीच वेळ म्हणजे नर्सरीतून नवा गुलाब घरी आला तो दिवस: बाकीच्या कुंड्यांमध्ये नेऊन ठेवण्याआधी एक दिवस पिशवीत, आणि त्याचं एक पान आठवडाभर ओल्या कापसावर. त्या पानावर काही हललं नाही, तर मगच तो गुलाब बाकीच्यांच्या रांगेत लावा.